पीटीच्या तासाची सूट

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या ओपीडीत एक ठरलेली मागणी येते. "डॉक्टर, याला पीटीतून सूट मिळावी, एवढं लिहून द्या." कुणाला सेरेब्रल पाल्सी असते, कुणाला फिट्स येतात, कुणाला कमी दिसते. बहुतेक वेळा चिठ्ठी शाळेनेच मागितलेली असते. पूर्वी मीही फार विचार न करता सही करत असे.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण मूल वाढते. हाडे लांबतात, ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत आणि मूल बसून राहिले की सांधे आखडत जातात. ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो, असा एकेकाळी समज होता. तो चुकीचा ठरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या दिव्यांग मुलांसाठीही दिवसाला सरासरी ६० मिनिटांच्या हालचालीची शिफारस केली. इतर मुलांसाठीही आकडा हाच आहे.

वॉकर घेऊन चालणारा नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येतो. त्याच्या शिक्षकांनी लगोरी स्टुलावर रचली आणि नेम धरायचे काम त्याला दिले. खर्च शून्य. अंध मुलांसाठी घुंगराचा चेंडू असतो. क्रिकेटमध्ये रनर घेण्याची पद्धत तर आपल्या गल्लीत जुनीच आहे! महिन्याभराने तो पडला, गुडघा खरचटला. आई घाबरून घेऊन आली, आणि हा मात्र नर्सला स्वतःचा नेम कसा लागला ते सांगत होता.

सरसकट सगळे चालते असे नाही. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात, त्यामुळे तपासणीआधी कोलांटउडी नको. फिट्स येणाऱ्या मुलाने पोहताना पाण्यात शेजारी जाणकार मोठा माणूस हवाच. हृदयाचा दोष असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी या मुलांना खेळाची समान संधी द्यायची आहे. त्यामुळे आता चिठ्ठीवर मी 'सूट द्यावी' असे लिहीत नाही. काय टाळायचे ते एका ओळीत लिहितो आणि खाली काय खेळता येईल त्याची यादी देतो. त्या मुलाच्या चिठ्ठीवर पहिले नाव लगोरीचे आहे.