सांभाळाचा हिशेब आणि सावड

डाळजला माझा दर बुधवारी फेरा असतो. महामार्गालगतचे गाव, मागे उजनीचे पाणी. गेल्या वर्षी श्रावणात एका बुधवारी दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. भाऊ दीड वर्षाचा. तीन दिवस जुलाब. वजन केले, तर साडेआठ किलो भरले. या वयाला दहा-अकरा किलो तरी हवे.

"आई कुठाय?"

"खुरपायला गेलीया."

"आणि तुझी शाळा?"

मुलगी गप्प राहिली. मी मीठ-साखरेच्या पाकिटाचे पाणी कसे पाजायचे ते तिला दाखवले, झिंकच्या गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी आईला बोलावून घेतले. ती आल्यावर, आम्हा डॉक्टरांची सवय, मी आधी रागावलो. "पोराकडे लक्ष नको का?" तिने ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, मी घरी बसले तर तीनशे रुपये जात्यात. पोरीला ठिवलं तर तिची शाळा जाती. सासूबाईंना नीट दिसत न्हाई. तुमीच सांगा, पोरगं कुनापाशी ठिवू?"

मला उत्तर देता आले नाही. माझी स्वतःची दोन्ही मुले माझ्या आईने सांभाळली. तिचे गुडघे त्यातच गेले. तिच्या कष्टाची किंमत मी कधी मोजली नव्हती.

फुकट काहीच नसते

आपल्याकडे 'मुलं काय, आपोआप वाढतात' असे म्हणतात. तसे होत नाही. मूल कोणीतरी सांभाळते आणि त्याची किंमत कोणीतरी मोजते. आई घरी राहिली तर मजुरी जाते. आजी सांभाळते तेव्हा तिची तब्येत खर्ची पडते. मोठी बहीण सांभाळते तेव्हा तिची शाळा सुटते. कोणीच नसेल, तर किंमत मूलच मोजते: वजन घटते, भाजते, पाण्याकडे जाते. बुडायला धरणच लागते असे नाही. शेततळे, पाट, दारातला हौदही पुरतो.

सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू होते. वर्षाच्या मुलाला साधारण आईच्या निम्मे जेवण लागते, पण त्याचे पोट लहान. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. सकाळी आठला गेलेली आई संध्याकाळी सहाला येते. मधल्या दहा तासांत दहा वर्षांची बहीण बिस्किटाचा पुडा हातात देते. घरात ज्वारी असूनही मूल अशक्त राहते, ते यामुळे. बाटलीने दूध पाजण्याची पद्धतही इथूनच सुरू होते. बाटली नीट उकळली जात नाही, आणि मग जुलाब ठरलेलेच.

आपल्याच राज्यातला धडा

हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मोठी मुले शाळेत येत नव्हती, कारण धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर होती. या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणल्या. त्या प्रयोगाला 'विकासवाडी' म्हणत. धाकटे पाळणाघरात ठेवायचे आणि ताईने वर्गात बसायचे.

आणखी एक उदाहरण बांगलादेशातले. तो देश नद्या-तळ्यांचा. आई कामात असताना सकाळच्या वेळी लहान मुले बुडून जात. तिथे गावातल्याच एका बाईच्या घरी एक ते पाच वर्षांची मुले सकाळी नऊ ते एक सांभाळायला सुरुवात झाली. त्या केंद्राचे नाव 'आँचल', म्हणजे आपला पदर. अशा मुलांचे बुडण्याचे प्रमाण खूपच कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनाही बुडण्याच्या प्रतिबंधासाठी पाण्यापासून दूर अशा सुरक्षित सांभाळाची शिफारस करते. उजनीकाठच्या गावांनी हे ध्यानात ठेवावे.

आपण काय करू शकतो?

१) अंगणवाडीत नाव घाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत काही तास शिक्षण आणि गरम आहार मिळतो. त्याहून लहान मुलांसाठी घरी न्यायचा आहार असतो. तो मुलाच्याच पोटात जाऊ द्या. दर महिन्याला वजन करून घ्या.

२) गरोदरपणातच नोंदणी करा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये, अटी पूर्ण झाल्यावर मिळतात. बाळंतपणानंतर काही आठवडे तरी कामावर जाणे त्यामुळे टळते.

३) एकटीने मूल वाढवणाऱ्या गरजू आईने राज्याच्या बालसंगोपन योजनेची चौकशी करावी. त्यात मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात.

४) कारखान्यात नोकरी असेल तर पाळणाघराबद्दल विचारा. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. विचारण्यात लाज नाही.

५) सावड करा. पेरणीला, काढणीला आपण सावड करतोच: आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. मुलांच्या सांभाळाला ती का नको? हिशेब सोपा आहे. रोज ३०० रुपये धरा. पाच घरांनी प्रत्येकी ६० रुपये काढले, तर सांभाळणाऱ्या बाईला पूर्ण रोज पडतो आणि कामावर जाणारीच्या पदरात २४० रुपये उरतात. पैसे नकोत, तर पाळी लावा. एका बाईकडे पाचांहून जास्त लहान मुले देऊ नका. जागा पाण्यापासून आणि चुलीपासून दूर असावी. भाकरी कुस्करून वरण, खिचडी, अंडे, केळे असे काहीतरी दर दोन-तीन तासांनी भरवावे. हात साबणाने धुवावेत. बाटली नको, वाटी-चमचा वापरा.

पुढे काय झाले

हीच गोष्ट त्या वस्तीवर सांगितली. दिवाळीनंतर पाच घरे तयार झाली. ऊसतोडीत पाय मोडल्याने घरी असलेल्या एका बाईने मुले घेतली. महिनाभरात भांडण झाले: काम लागले नाही त्या दिवशीचे साठ रुपये द्यायचे की नाही? शेवटी ठरले की काम नसेल त्या दिवशी आईने स्वतः येऊन बसायचे, पैसे नाहीत. मला हे सुचले नसते. बायकांनीच सोडवले.

संक्रांतीच्या आसपास मुलाचे वजन केले, तर साडेनऊ किलो भरले. अजून थोडे कमी आहे, पण वाढ सुरू आहे. ताई त्या दिवशी आली नव्हती. आईने सांगितले, "साळंत गेलीया."

वाचकहो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या घरात मूल कोण सांभाळते आणि त्यासाठी ती व्यक्ती काय सोडते, ते कागदावर लिहा. कागद आजीसमोर ठेवा, मोठ्या मुलीसमोर ठेवा. मग शेजारच्या घरी जाऊन सावडीचा विषय काढा.