छतावरचं सोलर सरकार फुकट बसवून देतं का?

‘सरकार छतावर फुकट सोलर बसवून देतंय म्हणे. फॉर्म कुठे भरायचा?’

लग्नाची पंगत असो, बँकेतली रांग असो की गावाकडून आलेला फोन, हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. विचारणारे अडाणी नसतात. शाळेतले गुरुजी असतात, निवृत्त अभियंते असतात, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले लेखापाल असतात. ‘फुकट नाही हो’ म्हटलं की चेहरा पडतो आणि लगेच उलटा प्रश्न येतो, ‘मग नावातच मोफत वीज का लिहिलंय?’ ही तक्रार मात्र रास्त आहे. नाव ठेवणाऱ्यांनी घोळ करून ठेवला आहे आणि तो निस्तरताना बाकीच्यांच्या नाकी नऊ येतात.

तर एकदा नीट पाहू. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर मोफत वीज योजना आणली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, उद्दिष्ट एक कोटी घरांचं. या योजनेत सरकार पॅनेल वाटत नाही. पॅनेल तुम्ही विकत घेता, तुम्ही निवडलेल्या नोंदणीकृत विक्रेत्याकडून, आणि सरकार त्यातला काही वाटा नंतर परत करतं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये. बेरीज ७८,०००, आणि तिथे हिशेब संपला. बंगल्यावर १० किलोवॅट बसवले तरी ७८,०००च मिळतात. हे अनुदान ठरवताना केंद्राने तीन किलोवॅटचा खर्च १,४५,००० रुपये धरला होता. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने निदान ६७,००० रुपये तुमच्या खिशातले. बाजारात तेवढ्यात काम होईलच असं नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या वर जाईल असा उंच सांगाडा हवा असेल तर आकडा आणखी चढतो.

मग मोफत काय आहे? वीज. तीही सरकारने दिलेली नाही, तुमच्या पॅनेलने तयार केलेली. महावितरणच्या हिशेबाने एक किलोवॅटमधून दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला १२०च्या आसपास. तीन किलोवॅटचे तीनशेच्या वर गेले. ‘दरमहा ३०० युनिट मोफत’ ही जाहिरातीतली ओळ इथून आली आहे. कुठलाही सरकारी अधिकारी तुमच्या बिलातून ३०० युनिट खोडणार नाही. पावसाळ्यात आभाळ भरून राहिलं की तेवढी वीज तयारही होणार नाही.

दुसरा घोळ पैसे कधी मिळतात याचा. अनुदान आधी मिळत नाही. योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करायची, विक्रेता निवडायचा, यंत्रणा बसवायची, आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज मोजणारं नेट मीटर लावून घ्यायचं, वीज कंपनीची तपासणी व्हायची, आणि यंत्रणा चालू झाल्याची नोंद पोर्टलवर चढली की मग रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. तोवर सगळी रक्कम कुणीतरी उभी करायची असते. त्यासाठी सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याज रेपो दराहून अर्धा टक्का जास्त. सवलतीचं असलं तरी ते कर्जच, त्याचा हप्ता चुकत नाही.

यातल्या दोन अटी कागदावर किरकोळ दिसतात आणि माणसाला रडवतात. पहिली, अनुदान हवं तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. सोलरवाल्यांच्या भाषेत ‘डीसीआर’ पॅनेल. ते महाग पडतात. शेजाऱ्यापेक्षा पंचवीस-तीस हजारांनी कमी कोटेशन हातात पडलं तर आनंदून जाण्याआधी त्यावर हा शब्द लिहिला आहे का ते बघा. नसेल तर स्वस्तात वीज मिळेल, पण अनुदान मिळणार नाही. दुसरी अडचण अस्सल महाराष्ट्रीय आहे. घर मुलाचं, पैसे मुलाचे, खातं मुलाचं, आणि वीजबिल अजूनही वारलेल्या आजोबांच्या नावावर! अर्जदार, वीजग्राहक आणि बँक खातेदार यांचं नाव जुळलं नाही की गाडं अडतं. सोलरचा विचार करायच्या आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या. आजोबांची आठवण बिलावरच जपायला हवी असं नाही.

‘पण गरिबांना तरी फुकट आहे ना?’ असंही विचारतात. महाराष्ट्राने २०२५ मध्ये महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. ५०,००० रुपये धरलेल्या एका किलोवॅटच्या यंत्रणेवर केंद्राच्या ३०,००० रुपयांत राज्य आपली भर घालतं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला २,५०० रुपये भरावे लागतात, सर्वसाधारण घराला १०,०००. दारिद्र्यरेषेखालच्या घरालाही २,५०० भरावे लागतात, तिथे चारचाकीवाल्याला सगळं फुकट कसं मिळेल, हा साधा विचार डोक्यात का येत नाही कळत नाही. या योजनेमागचं कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. सत्तर युनिट वापरणारं घर सगळ्यात स्वस्त टप्प्यात असल्यामुळे सोलरने त्याची बचत थोडीच होते आणि घातलेले पैसे सावकाश निघतात. चारशे युनिट वापरणाऱ्याचे लवकर निघतात. म्हणूनच ‘७८ हजार सोडायचे कशाला’ म्हणत ऐंशी युनिटांच्या घरावर तीन किलोवॅट मारणारा विक्रेता तुमचं नव्हे, स्वतःचं भलं बघत असतो. उरलेल्या युनिटांतून पैसा करू म्हणाल तर आर्थिक वर्षाच्या अखेरीस ते घेतले जातात ते तुम्ही बिलात भरता त्याहून बऱ्याच कमी दराने.

आणि जो फोन करून सांगतो की ‘तुमचं छत सरकारने निवडलंय, नोंदणीचे दोन हजार पाठवा’, तो चोर आहे. पोर्टलवर नोंदणी करायला पैसे पडत नाहीत. फुकटच्या अफवेचा खरा लाभार्थी हाच.

बिल शून्य येतं, हा पुढचा समज. युनिटांचा हिशेब शून्यावर आला तरी मीटर आहे तोवर स्थिर आकार द्यावाच लागतो.

लाइट गेली तरी सोलरवर पंखा फिरेल, असं समजून पैसे घालणारे तर ढिगाने आहेत, आणि भर दुपारी ऊन तापलेलं असताना घर बंद पडलं की सोलरवाल्याला शिव्या घालतात. यंत्रणा बिघडलेली नसते. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की मुद्दाम थांबतो, कारण तुमच्या छतावरची वीज तारेत उतरली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल. भारनियमनातही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि बॅटरीसाठी या योजनेत वेगळा पैसा नाही.

मे महिन्यात विदर्भात सोलर सगळ्यात जोरात चालतं? पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. ते तापलं की उत्पादन घटतं.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ तरी फुकट? नाही. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, आणि किती अश्वशक्तीचा पंप मिळेल ते तुमच्या एकरांवर ठरतं.

विजेबद्दलचे गैरसमज सोलरपुरतेच नाहीत. पवनचक्क्यांनी पाऊस पळवला, हे साताऱ्या-सांगलीकडे आजही ऐकू येतं. पाती फिरतात जमिनीपासून शे-दीडशे मीटरपर्यंत. मोसमी ढगांचा कारभार किलोमीटरांत चालतो. त्या पठारांवर चक्क्या उभ्या राहण्यात मोठा हात होता तो आयकरातल्या घसाऱ्याच्या सवलतीचा. ती २०१२ मध्ये काढली तेव्हा देशभर नव्या चक्क्या उभारण्याचा वेग झपकन खाली आला.

‘पाच तारे म्हणजे उत्तम फ्रीज.’ तारे फक्त वीज किती खातो ते सांगतात. कॉम्प्रेसर किती वर्षं टिकेल ते नाही. शिवाय निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलवर वर्ष छापलेलं असतं. दुकानदार ताऱ्यांकडे बोट दाखवतो, तुम्ही वर्षही वाचा.

आता अनुदानाबद्दलचाच आणखी एक गैरसमज, ‘सरकारने अनुदान दिलं म्हणून एलईडी बल्ब स्वस्त झाले.’ पंचाहत्तर रुपयांच्या आसपास महावितरणच्या केंद्रांवर बिल दाखवून घेतलेले ते बल्ब आठवत असतील. ५ जानेवारी २०१५ला सुरू झालेल्या या ‘उजाला’ योजनेत बल्बवर सरकारी अनुदान एक रुपयाही नव्हतं. ईईएसएल या सरकारी कंपनीने एका वेळी कोट्यवधी बल्बांच्या निविदा काढल्या. एवढी मोठी मागणी समोर दिसल्यावर कारखानदार भाव पाडत गेले. २०१४च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये कंपनीला ३८ रुपयांना मिळू लागला. पुढे देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब गेले, आणि ग्राहकाने त्यांची किंमत रोख किंवा वीजबिलातून हप्त्याने भरली. अनुदानाशिवायही सरकार बाजार हलवू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. तरी ‘सरकारने फुकटात बल्ब वाटले’ असं सांगणारे भेटतातच.

आता परत छतावरच्या सोलरकडे. राहिले फ्लॅटवाले. ‘आमची गच्ची सामायिक, आम्हाला काही मिळत नाही,’ ही समजूत पुण्या-ठाण्यात घट्ट बसली आहे. गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, तेही ५०० किलोवॅटपर्यंत. त्यासाठी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, आणि वरच्या मजल्यावरचे सभासद वाळवणाची जागा सोडायला तयार व्हावे लागतात.