रिंगेखालचा तेलाचा थर
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला की गॅरेजवाला सांगतो, ‘रिंगा गेल्यात, इंजिन ऑइल खातंय.’ अनेकदा हे निदान बरोबरच असते. पण रिंगा ‘जातात’ का, हे समजून घ्यायचे तर रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या थराकडे पाहावे लागते.

पिस्टनला साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः जळत्या वायूचा दाब निसटू देत नाहीत, तर तिसरी, ऑइल रिंग, भिंतीवरचे जादा तेल खरवडून खाली पाठवते. तेलाचा थर फार पातळ झाला तर धातूवर धातू घासतो. फार जाड राहिला तर तेल जळते, धूर होतो. पिस्टन मधल्या टप्प्यात वेगाने धावत असताना हा थर काही मायक्रॉन असतो. दोन्ही टोकांना, जिथे पिस्टन क्षणभर थांबतो, तिथे एका मायक्रॉनहूनही कमी होऊ शकतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन असा सेकंदाला १०० वेळा थांबतो.

एवढासा थर भार पेलतो कसा? १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे आगगाडीच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या माथ्यावरच्या भोकातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्यांनी लाकडी खुंटी ठोकली. तेलाने तीही बाहेर ढकलली. फिरता आस तेलाला ओढून नेताना त्यात दाब निर्माण करतो, हे त्यातून कळले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. निमुळत्या फटीत तेल ओढले गेले की दाब वाढतो आणि तोच भार उचलतो.

रिंगेची घासणारी बाजू पिंपासारखी किंचित फुगीर असते. तिच्या पुढे फट निमुळती होते, तिथे दाब वाढतो. मागे फट रुंदावते, तिथे दाब उतरतो. खनिज तेलात आकारमानाच्या सुमारे ९ टक्के हवा विरघळलेली असते. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे येतात, तशी ही हवा दाब उतरताच बाहेर पडते. अखंड थराऐवजी हवेच्या पोकळ्या आणि त्यांच्यामधले तेलाचे ओघळ उरतात. हेच कॅव्हिटेशन. पिस्टनने दिशा बदलली की मागची बाजू पुढची होते, आणि तिथे पोकळ्या शिल्लक असल्या तर भार उचलायला तेल कमी पडते.

हा थर मोजायचा कसा? १९७४ मध्ये हॅमिल्टन आणि मूर यांनी एका लहान डिझेल इंजिनाच्या लायनरमध्ये संवेदक बसवून विद्युत धारकतेवरून तो मोजला. थर जितका पातळ, तितकी धारकता जास्त. दुसऱ्या पद्धतीत तेलात रंगद्रव्य मिसळतात आणि लायनरमधल्या खिडकीतून लेसर टाकतात. जितके तेल जास्त, तितकी चमक जास्त. तिसरी पद्धत सोनोग्राफीसारखी: संवेदक लायनरला बाहेरून चिकटवायचा, भोक पाडायची गरज नाही.

पण कॅव्हिटेशन यांना चकवते. तेलात हवा शिरली की धारकता घटते, आणि थर आहे त्यापेक्षा जाड भासतो. लेसरच्या पद्धतीत चमक घटते, म्हणून तोच थर पातळ भासतो. ध्वनी तर हवेवरून जवळजवळ पूर्ण परततो. जागा एकच, साक्षी मात्र परस्परविरोधी! म्हणून आकड्याबरोबर प्रत्यक्ष पाहणेही गरजेचे ठरते. डेलिस आणि आर्कुमानिस यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रिंगेच्या नमुना यंत्राला काचेची खिडकी बसवून या पोकळ्यांची छायाचित्रे घेतली. काही पोकळ्या नेच्याच्या पानांसारख्या पसरलेल्या होत्या.

इंधन वाचवण्यासाठी आज पूर्वीपेक्षा पातळ तेले वापरली जातात. त्यामुळे थर आणखी पातळ झाला आहे आणि चुकीला वाव कमी उरला आहे. म्हणून ‘जाड तेल घाला, इंजिन टिकेल’ हा सल्ला ऐकण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत कोणती ग्रेड लिहिली आहे ते पाहावे. त्या इंजिनाच्या रिंगा तेच तेल गृहीत धरून बनवलेल्या असतात.