घाट चढण्याआधी गाडीचा वॉटर पंप तपासा: पाच मिनिटांचं काम, इंजिन वाचेल!

पनवेलहून पुण्याला निघालं की खोपोलीपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. खरी परीक्षा पुढे बोरघाटात. लोणावळा सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि त्यातली बहुतेक चढण घाटाच्या थोड्याशा अंतरातच येते. म्हणूनच उन्हाळ्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या पनवेलमध्ये कमी आणि घाटात जास्त दिसतात. दोष मात्र रेडिएटरला दिला जातो. बिचाऱ्या वॉटर पंपाकडे कोणी बघतच नाही.

माझं काम सॉफ्टवेअरचं, पण पुण्याला सारख्या चकरा असतात. गेल्या वर्षी गाडीचा पंप बदलताना गॅरेजमध्ये उभं राहून सगळं काम नीट बघितलं. तेच इथे सोप्या भाषेत सांगतो.

पंप करतो काय?

इंधन जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण एक-तृतीयांश भाग उष्णता म्हणून कूलंटमध्ये जातो. ते गरम कूलंट इंजिनातून रेडिएटरकडे आणि थंड होऊन परत इंजिनाकडे फिरवत ठेवायचं, हे पंपाचं काम. आत पात्यांचं एक चाक (इम्पेलर), त्याचा शाफ्ट, बेअरिंग आणि सील, एवढेच मुख्य भाग. बहुतेक गाड्यांत हा पंप इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. काही मेकॅनिक त्याला ‘वॉटर बॉडी’ही म्हणतात.

बेल्टवर फिरतो म्हणजे इंजिन जेवढं जोरात फिरेल तेवढाच पंप जोरात फिरणार. घाटात वरच्या गिअरवर गाडी रेटत नेली तर इंजिनावर भार जास्त, पंपाचा वेग कमी आणि समोरून येणारा वाराही कमी. म्हणून चढणीवर खालचा गिअर टाकणं इंजिन थंड ठेवायलाही मदत करतं.

एक छोटं भोक, मोठी सूचना

पंपाच्या बॉडीवर, सील आणि बेअरिंगच्या मध्ये एक बारीक भोक असतं, ‘वीप होल’. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही लॉगमधली वॉर्निंग आहे. सिस्टिम अजून चालू आहे, पण पुढचा मेसेज एरर असणार!

तिथे वाळलेला हलका डाग असेल तर लक्ष ठेवा. थेंब पडत असतील तर पंप बदला. ते भोक एम-सीलने बुजवायचा जुगाड अजिबात करू नका. कूलंट बेअरिंगमध्ये जाऊन ग्रीस धुऊन निघतं आणि पंप जाम होऊ शकतो. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. मग खर्च पंपाचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

बाकी खुणा कोणत्या?

• पुलीच्या बाजूने घरघर किंवा किरकिर.
• इंजिन बंद असताना पुली हाताने हलवली तर ‘प्ले’ जाणवणं.
• टाकीतलं कूलंट पुन्हा पुन्हा कमी होणं.
• तापमानाचा काटा चढणं आणि त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागणं. अल्टरनेटर आणि पंप एकाच बेल्टवर असतील तर तो बेल्ट गेला समजा.

आणि काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कूलंट फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडून चुकीचं तापमान दाखवू शकतो.

साधं पाणी का नको?

बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. नुसत्या पाण्यात गंजरोधक रसायनं नसल्यामुळे इम्पेलर आणि सील दोन्ही लवकर खराब होतात. योग्य कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला. बाटलीवर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर मात्र त्यात पाणी मिसळू नका. कूलंट बदलायची मुदत मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

पंप बदलताना काय बघाल?

१. इंजिन पूर्ण थंड हवं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कूलंट रिकामं करायचं.
२. जुनं गॅस्केट खरवडून पृष्ठभाग साफ करायचा. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीनच हवी.
३. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळायचे.
४. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्ट आणि टेन्शनरही सोबतच बदला. खोलायची मजुरी एकदाच लागते.
५. कूलंट भरल्यावर आतली हवा काढायची. हवा अडकली तर नवीन पंप असूनही गाडी तापते.
६. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर लेव्हल पुन्हा बघा.

घाटातच गाडी तापली तर?

एसी बंद करा, हीटर फुल करा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडेल. सुरक्षित जागा दिसताच थांबून इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि उकळत अंगावर उडू शकतं. ‘लोणावळा आलंच आता’ म्हणत गाडी तशीच रेटली तर हेड गॅस्केट जाऊ शकतं, हेड वाकू शकतं. आणि हेडचं काम पंपाच्या कित्येक पट महाग पडतं.

त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री, गाडी थंड असताना, टॉर्च घेऊन तीन गोष्टी बघा: कूलंटची लेव्हल, बेल्टवरच्या भेगा आणि पंपाखालचा ओलावा. तिन्ही ठीक असतील तर बिनधास्त निघा!