परवाना यंत्राचा कीं माणसाचा?

एके काळीं या देशांत घरीं रेडिओ ठेवावयाचा तर १९३३ च्या बिनतारी संदेशांच्या कायद्यान्वयें परवाना घ्यावा लागे. तो यंत्राचा असे. घरांतील ऐकणारे एक कीं दहा, याची विचारणा नसे. तो परवाना केव्हांच इतिहासजमा झाला. परंतु परवाना यंत्राचा कीं माणसाचा, हा प्रश्न आज संगणकाच्या कचेरींत पुन्हां उभा आहे.

कुंडल हें साखर कारखान्याचें गांव. अशा कारखान्यांत वजनकाट्यावरचा, शेतकी खात्यांतला, हिशेबनिसापुढचा असे सारे संगणक एकाच सर्व्हरवर चालवितां येतात. पडदा आपल्यापुढें, काम मात्र दुसरीकडे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरची ही ‘रिमोट डेस्कटॉप’ची सोय. सर्व्हर विकत घेतला म्हणजे सर्वांना आंत शिरण्याचा हक्क मिळाला, हा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. देखभालीपुरतीं एका वेळीं दोन माणसें तेवढीं या परवान्यावांचून येऊं शकतात. नित्याच्या कामास सर्व्हरचा प्रवेश-परवाना आणि त्यावर रिमोट डेस्कटॉपचा निराळा, असे दोन लागतात.

काट्यावर तीन पाळ्यांत तीन कारकून एकाच संगणकापुढें बसतात. तेथें यंत्राचा एक परवाना पुरतो. उलट शेतकी अधिकारी कचेरींतून, घरून, शिवारांतून फोनवरहि सर्व्हर उघडतो. त्याला माणसाचा परवाना परवडतो. एका सर्व्हरवर मात्र एकच पद्धत ठरवावी लागते. म्हणून आधीं माणसें मोजावीं, मग यंत्रें, आणि लहान आंकडा धरावा. यांत एक खोच आहे. यंत्रांचे परवाने सर्व्हर कसोशीनें मोजतो. माणसांचे कमी पडले तर तो बहुधा अडवीत नाहीं. कांहीं व्यवस्थापक याला सवलत समजतात! करार तेवढ्यानेंहि मोडतोच.

परंतु खरा घात मुदतीनें होतो. नवी व्यवस्था बसविल्यावर परवाने नोंदविण्यास १२० दिवस मिळतात, आणि तोंवर सर्व सुरळीत चालतें. त्यामुळें कोणाला आठवणच राहत नाहीं. नोव्हेंबरच्या आरंभीं, गळिताच्या तोंडावर बसविलेल्या सर्व्हरची ही मुदत मार्चच्या आरंभीं सरते. तेव्हां ऊस अद्याप शेतांत उभा असतो. एके सकाळीं काट्यावरचा कारकून आंत शिरूं शकत नाहीं, बाहेर भरल्या गाड्यांची रांग वाढते, आणि तोडलेला ऊस उन्हांत वाळूं लागतो. घाईनें जुन्या सर्व्हरचे परवाने लावावे म्हटलें तर तेंहि साधत नाहीं. नव्या आवृत्तीचे परवाने जुन्या सर्व्हरवर चालतात, जुन्यांचे नव्यावर चालत नाहींत. हें सारें ऑक्टोबरांतच, बॉयलर पेटण्यापूर्वीं, पाहून घ्यावयाचें असतें.