पाटाच्या पाण्याचा आवाज

ओआहू बेटाच्या वाऱ्याकडच्या अंगाला, कोओलाऊ डोंगराच्या पायथ्याशी वायाहोलेचं खोरं आहे. तिथल्या खाचरांत कालो पिकतो, म्हणजे आपलं अळूच. या खोऱ्यावरच्या माहितीपटासाठी ध्वनिमुद्रण करायला गेले, तेव्हा सुरुवातीला कॅमेरा गाडीतून बाहेरच निघाला नाही. आमची हवाईयन सहकारी वाटेच्या तोंडाशी उभी राहून आत येण्याची परवानगी मागणारं पठण म्हणाली. आतून उत्तर आल्यावरच आम्ही पाय टाकला आणि गुडघाभर चिखलात तण उपटायला लागलो. बांधावर कोण नुसतं उभं राहतं आणि कोण वाकतं, हे घरची वडीलधारी मंडळी पाहत होती. मुलाखत मिळायची की नाही, ते तिथेच ठरत होतं.

कॅमेऱ्याबद्दल ही सावधगिरी सकारण आहे. हॉलिवूडने आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी या बेटांचे किनारे आणि नाच पोटभर टिपले, पण तिथली माणसं बोलताना क्वचितच ऐकू आली. १९८० साली होनोलुलूच्या बंदरालगत सँड आयलंडवरची हवाईयन वस्ती सरकारने हटवली. तेव्हा अटक झालेल्यांत पुहिपाऊ होते, पुढे स्वतःच कॅमेरा हाती घेणारे हवाईयन. पुढे जोन लँडर यांच्यासोबत त्यांनी ‘ना माका ओ का आइना’ हा चमू उभा केला आणि जमिनी, पाणी, मासळीची तळी, निष्कासनं यांचं व्हिडिओवर अनेक वर्षं चित्रण केलं. याच वायाहोलेच्या पाण्यावर त्यांचा ‘स्टोलन वॉटर्स’ १९९६ साली आला. आज या खोऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो आधी पाहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कारण इथली कहाणीच पाण्याची आहे. १९१६ साली डोंगर पोखरून बोगदे आणि कालवे पूर्ण झाले आणि या बाजूचं पाणी पलीकडच्या कोरड्या मैदानातल्या उसाला गेलं. ऊस किती पाणी पितो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. इकडचे ओढे रोडावले, खाचरं सुकली. नव्वदच्या दशकात पलीकडचा साखर कारखाना बंद पडला, तेव्हा अळू पिकवणाऱ्यांनी पाणी परत मागितलं. सुनावण्या लांबल्या. २००० साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही जनतेची विश्वस्त ठेव असल्याचं तत्त्व ठामपणे मांडलं. वाद तेवढ्याने मिटला नाही, पण आज ओढा वाहतो आहे, आणि मला तो ऐकवायचा होता.

हे वाटतं तितकं सोपं नाही. ईशान्येचा वारा दुपारी असा सुटतो, की माइकवर केसाळ आवरण चढवूनही खालची घरघर राहते. कोंबडे दिवसभर आरवतात. कानिओहेच्या लष्करी तळाकडची विमानं वाक्याच्या मधोमध डोक्यावरून जातात. मी पहाटे जाऊन बसायचे. ओढ्यातून पाट फुटतो तिथे पाणी दगडांवरून जोरात बोलतं. पहिल्या खाचरात पडताना त्याचा सूर जाड होतो आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना जवळजवळ कळतच नाही. शेवटी ते पुन्हा ओढ्याला मिळतं. दिग्दर्शकाला ‘पाण्याचा आवाज’ हवा होता. मी त्याला निरनिराळ्या ठिकाणचे आवाज दिले, कारण पाणी वापरून परत करायचं असतं, ही शेतीची रीत निवेदनाशिवाय त्यातूनच समजते.

घरातले वडीलधारे, ज्यांना आम्ही अंकल म्हणायचो, कालोचा गड्डा उपटायचे, शेंड्याचा तुकडा देठांसकट कापून बाजूला ठेवायचे आणि तोच पुन्हा चिखलात रोवायचे. हवाईयन परंपरेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. मृत जन्मलेल्या हालोआला पुरलं तिथे कालो उगवला, आणि त्याच्या पाठच्या भावापासून माणसं झाली. म्हणून उकडून कुटलेल्या कालोची, पोईची, वाडगी उघडी असताना भांडण, तक्रार, वादाचा विषय काढायचा नाही. पंगतीला सगळं घर एकत्र, उजेड सुरेख, आणि कोर्टकचेरीबद्दल विचारायचं नाही! दिग्दर्शकाने ते प्रश्न संध्याकाळी ओसरीवर विचारले. जेवताना मात्र अंकलनी आपणहून आजोबांबद्दल सांगितलं, ते कुठल्याही प्रश्नाने मिळालं नसतं.

कच्चं संकलन झालं, तेव्हा ते पहिल्यांदा त्या कुटुंबालाच दाखवलं. गाडी ठेवायच्या छपराखाली पांढरी चादर टांगली होती. शेजारी आले, पोरं जमिनीवर बसली. मी हा टप्पा चित्रणाइतकाच मोलाचा मानते. जे तिथे राहणार आहेत त्यांना नकाराचा हक्क नसेल, तर आधीची परवानगी पोकळ ठरते. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. पाट जिथे फुटतो ते दृश्य काढा, कारण मागच्या कड्यावरून जागा ओळखू येते आणि उद्या तिथे फिरायला येणाऱ्यांची रांग लागेल. आवाज ठेवायला त्यांची हरकत नव्हती. दुसरं घरातल्या आंटीने सांगितलं. पाणी बंद होतं त्या वर्षांबद्दल विचारल्यावर अंकल बोलायच्या आधी बराच वेळ गप्प होते आणि आम्ही ती शांतता कापली होती. ती तिला परत हवी होती.

शांतता परत जोडली तेव्हा फिल्म वाहिनीच्या तासाभराच्या चौकटीबाहेर गेली. मग डोंगरावरून ड्रोनने घेतलेली दृश्यं काढली.