टाचेची भेग आणि मधुमेह

साठी उलटली की कातडी कोरडी पडू लागते, ही काही नवी गोष्ट नव्हे. त्वचेतल्या तैलग्रंथींचे काम मंदावते, थंडीचे वारे सुटले की पोटऱ्यांवर पांढरे ओरखडे उमटतात, टाचा फुटतात. घरातली मंडळी म्हणतात, "वय झालं, चालायचंच!" पण ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र ही गोष्ट चालवून घेऊ नये. का, ते पाहू.

घामाची आपल्याला कटकट वाटते खरी. पण तळपायाला तैलग्रंथी मुळातच नसतात, त्याची सारी भिस्त घामाच्या ओलाव्यावर असते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे बारीक मज्जातंतू निकामी होतात. पायाचा घाम आटतो, कातडी ताठर होऊन फुटते. त्यातच दुखल्याची वर्दी देणारे तंतूही बधिर झालेले असतात. म्हणजे भेग पडते, तीतून जंतू शिरतात आणि घरधन्याला पत्ताच नसतो! साखर जास्त असली, पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असला, तर जखम लवकर भरत नाही. एका भेगेपायी बोट, प्रसंगी पाऊलही गमवावे लागते ते असे.

मग करायचे काय? स्नानाचे पाणी कोमट घ्या आणि ते हाताच्या कोपराने पाहा. बधिर पायाचा भरवसा धरू नका. पाय फार वेळ पाण्यात भिजत ठेवू नका, त्याने कातडी अधिकच सुकते. साबण सौम्य असावा. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्या आणि ओल पुरती उडून जाण्याआधीच पायाला व्हॅसलीन किंवा बिनवासाचे साधे मलम चोळा. टाच जाड झाली असेल तर डॉक्टरांना विचारून युरिया घातलेले मलम लावा. नाव ऐकून हसू नका. शेतात घालतात तोच हा पदार्थ आपल्या कातडीतही निसर्गतःच असतो आणि ओलावा धरून ठेवतो. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. बोटांच्या बेचक्यांत मलम लावू नका. तिथे ओल साचून चिखल्या होतात. ती जागा कोरडीच हवी.

आता आपल्या घरगुती उपायांविषयी. कोकणात भेगांना कोकमाचे तेल लावतात. तेल वाईट नाही. पण ते वितळवून गरम गरम भेगेत सोडण्याची जी रीत आहे, ती मधुमेह्याने सोडून द्यावी. चटका बसलेला कळणार नाही, फोड मात्र येईल. वजरीने टाच खरवडणे, ब्लेडने कातडी काढणे, हेही नको. देवळात गेलात तर तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. देव रागावणार नाही.

शेवटी, रोज रात्री तळपाय पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर धरा, नाहीतर नातवाला बोलवा; त्याची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. लाली, सूज, पाणी सुटलेली भेग किंवा काळा पडलेला भाग दिसला, तर त्या दिवशी मलमाचा विचार सोडून तडक डॉक्टरांकडे जा. आणि साखर आटोक्यात ठेवा. ती मोकाट असेल, तर वरून लावलेले मलम बिचारे किती पुरे पडणार?